सवयीला खुंटी लागते : वाचकांचे प्रश्न

सवयी, शिस्त आणि स्वतःला घालून घेतलेले नियम यांवर आलेल्या पत्रांपैकी सात या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

दर पाडव्याला ठरवते, की पहाटे उठून चालायला जायचं आणि रात्री जमाखर्च लिहायचा. पंधरा दिवस जोरात चालतं, मग एखादं लग्न निघतं नाहीतर पाहुणे येतात आणि सगळं बारगळतं. २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात. माझी गाडी तिथवर पोचतच नाही. इच्छाशक्ती कमी पडते का? (बँक कर्मचारी, नाशिक)

आधी त्या २१ दिवसांचा निकाल लावू. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवलं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात. पुढे तोंडोतोंडी त्यातलं 'निदान' गळालं, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला. प्रत्यक्ष मोजमाप झालं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी गोष्ट १२ आठवडे रोज करायला सांगितली. ती आपोआप घडू लागायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. जेवताना पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी, की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे लग्नाचा तो एक दिवस तुम्हाला नडत नाही. 'आता मोडलंच' म्हणून पुढचे आठ दिवस सोडून देता, ते नडतात.

इच्छाशक्तीचं सध्या बाजूला ठेवा. तुमच्या ठरावात दोष वेगळाच आहे. 'पहाटे उठून चालणं' ही एक सवय नाही, तीन आहेत : रात्री लवकर झोपणं, गजराला उठणं आणि चालणं. पहिली दोन घरातल्या इतरांवरही अवलंबून आहेत. तेव्हा फक्त चालणं घ्या, आणि ते संध्याकाळी बँकेतून येतानाच उरकता आलं तर उत्तम. रिक्षा किंवा बस एक थांबा आधी सोडायची, बस्स.

जमाखर्चाचं दुखणं 'रात्री' या शब्दात आहे. रात्र ही वेळ झाली. तिच्यावर काही टांगता येत नाही. सवयीला खुंटी लागते, म्हणजे असं एखादं काम जे कुणी आठवण न करता रोज होतंच आणि जे संपल्याचं हाताला कळतं. ओटा पुसून फडकं वाळत टाकणं ही झकास खुंटी आहे. 'जेवण झाल्यावर' ही कच्ची, कारण जेवण नेमकं केव्हा संपलं हे कुणालाच सांगता येत नाही : कुणी ताटावर गप्पा मारत बसतं, कुणी ताक मागतं. खुंटी आणि नवं काम एकाच जागी हवं. वही बेडरूमच्या कपाटात आणि फडकं स्वयंपाकघरात, असं असेल तर मधल्या दहा पावलांत टीव्ही लागतो. वही ओट्याशेजारी, फ्रिजवर, पेन दोरीने बांधलेलं.

मग एक वाक्य कागदावर लिहा : 'फडकं वाळत टाकलं, की फ्रिजपाशी उभ्यानेच आजचे तीन मोठे खर्च लिहीन.' 'जर-तर' घाटाचं असं वाक्य आधी लिहून ठेवलं, की नुसत्या इराद्यापेक्षा ते अंमलात यायची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. तीनच खर्च, पूर्ण हिशेब नाही. बाकीचे यूपीआयचे व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतातच; रविवारी बेरीज करा.

बहुतेक जण माती खातात ती दुसऱ्या आठवड्यात. जमतंय असं दिसलं, की तीन खर्चांची आठ रकान्यांची वही होते आणि एका थांब्याचे चार किलोमीटर होतात. पहिले चार आठवडे माप वाढवायचं नाही, अगदी हास्यास्पद वाटलं तरी. नंतर चालणं आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा. लग्नाच्या, प्रवासाच्या दिवसांसाठी एक छोटं माप आधीच ठरवा (कार्यालयाबाहेर पाच मिनिटं फेरी, मोबाइलच्या नोंदीत एक खर्च) आणि नियम एवढाच ठेवा : लागोपाठ दोन दिवस चुकवायचं नाही.

चाकणला कंपनीत आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. व्यायामाची वेळ ठरवली, की पुढच्या सोमवारी ती झोपेची वेळ असते. आमच्यासारख्यांनी काय करायचं? (मशीन ऑपरेटर)

घड्याळ सोडून द्या. तिन्ही पाळ्यांत ज्या गोष्टी त्याच क्रमाने होतात त्यांची यादी करा : उठणं, गणवेश चढवणं, कामावरून येऊन सेफ्टी शूज काढणं, अंघोळ, पहिलं जेवण. व्यायाम बूट काढणं आणि अंघोळ यांच्या मध्ये बसवा. घामाचे कपडे अंगावर असतातच आणि अंघोळ पुढे आहेच, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही. दहा बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर, एक मिनिट पाठ ताणणं. पाच-सहा मिनिटांत होतं. खाटेवर बसण्याआधी करायचं. एकदा बसलात की संपलं.

रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र घरी आल्यावर घाम निघेल इतकं करू नका, नाहीतर झोप लांबते. त्या आठवड्यात नुसतं पाठ-मांड्या ताणणं ठेवा आणि बैठका उठल्यानंतर. दिवसा झोपताना खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत. चहाचंही गणित मांडा : अंगात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सकाळी आठला झोपायचं असेल, तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. चार वाजताच्या चहाला सगळे जातात हे खरं. तुम्ही जा, पण पेला गरम पाण्याचा घ्या. आणि कॅलेंडरवर फुल्या मारत बसू नका. 'बूट काढले' असे किती प्रसंग आले आणि किती साधले, एवढंच मोजा. साप्ताहिक सुट्टीला प्रसंगच नाही, म्हणून ती चूकही नाही.

राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत सकाळी ८ ते रात्री ९ बसतो, पण खरा अभ्यास चार-पाच तासच होतो, बाकी मोबाइल. अ‍ॅप काढून टाकतो, पुन्हा घेतो. नोट्स, चालू घडामोडी, सगळं टेलिग्रामवर, त्यामुळे फोन बंदही ठेवता येत नाही. (विद्यार्थी, पुणे)

तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजा. हात फोनकडे गेला, की वहीच्या कडेला एक रेघ. रेघ मारून मग खुशाल फोन बघा. तिसऱ्या दिवशी त्या रेघा कुठे दाटल्यात ते पाहा. बहुधा त्या सारख्या पसरलेल्या नसतात : गणिताचं उदाहरण अडलं तिथे, राज्यव्यवस्थेतलं कलम तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरलं नाही तिथे, नाहीतर प्रकरण संपून पुढचं उघडायच्या वेळी. म्हणजे कंटाळा आला म्हणून फोन हातात येतो असं दरवेळी नसतं. अडलं म्हणून येतो. अ‍ॅप काढल्याने अडणं थांबत नाही, म्हणून अ‍ॅप परत येतं.

तेव्हा अडण्यालाच वेगळी वाट द्या. टेबलावर एक सुटा कागद, वर 'शंका'. अडलं की पान क्रमांक आणि एका ओळीत प्रश्न लिहायचा आणि पुढे जायचं. संध्याकाळी त्या कागदावर अर्धा तास. निम्म्या शंका तोवर आपोआप सुटलेल्या असतात. प्रकरण संपण्याच्या जागेसाठी दुसरी युक्ती : थांबण्याआधी पुढच्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचून त्याच्या समासात एक खूण करा. परत आल्यावर सुरुवात कुठून, हा प्रश्न उरत नाही.

टेलिग्रामची सबब अर्धी खरी आहे. फाइली उतरवायचं काम रोज एकदा, रात्री खोलीवर गेल्यावर वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या पानांच्या प्रती काढून आणा, किंवा सिम आणि इंटरनेट नसलेल्या जुन्या टॅबवर टाका. चालू घडामोडींच्या पाच चॅनेलपैकी चार सोडा; पाचही जण तेच वर्तमानपत्र कापतात. अभ्यासिकेत फोन बंद करून पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात, आणि पिशवी शक्य तर लॉकरमध्ये किंवा दाराशी. टेबलावर पालथा ठेवणं निरुपयोगी, तिथे हात दोन सेकंदांत पोचतो. घरचे काळजी करतात म्हणून फोन चालू ठेवायचा असेल, तर अभ्यासिकेच्या व्यवस्थापकाला विचारून त्यांचा नंबर घरी द्या, आणि स्वतः फोन करण्याची एक वेळ ठरवा.

५० मिनिटं अभ्यास, १० मिनिटं सुट्टी, हे माप तुमच्यासाठी ठीक आहे. त्या दहा मिनिटांत फोन नाही, कारण रील दहाव्या मिनिटाला थांबत नाही. बाटली भरा, जिना उतरून चढा, चहा घ्या. अशा सात बैठका झाल्या, की सहा तासांच्या जवळ जाता. आत्ता तेरा तास बसून होणाऱ्या चार-पाच तासांपेक्षा ते जास्त आहे आणि रात्री नऊपर्यंत थांबायचीही गरज नाही.

घरात सासू-सासरे, दोन मुलं, दोघांच्या शाळा वेगवेगळ्या वेळी. लग्नाआधी खूप वाचायचे, ते पुन्हा सुरू करायचंय. सगळे सांगतात, 'स्वतःसाठी वेळ काढा'. कुठून काढू? (गृहिणी, सांगली)

'एक तास लवकर उठा' हा सल्ला आम्ही देणार नाही. तुमची झोप आधीच घरातल्या सगळ्यांत कमी असणार.

तीन दिवस नोंद ठेवा, पण काय काम केलं याची नको. मोकळी मिनिटं कधी होती आणि ती कुणी मोडली याची. पंधरा-वीस मिनिटांच्या फटी दिवसातून दोन-तीन निघतात, पण घरात असताना त्या टिकत नाहीत : हाक येते, बेल वाजते, नाहीतर समोर भांडी दिसतात. म्हणून फट घराबाहेरची निवडा. धाकट्याला व्हॅनमध्ये बसवायला खाली उतरताच. पुस्तक त्याच पिशवीत घेऊन उतरा, व्हॅन वळली की लगेच वर जाऊ नका. खालच्या बाकावर, देवळाच्या पायरीवर, जिथे बसता येईल तिथे पंधरा मिनिटं. घरात सांगून ठेवा, 'व्हॅन गेल्यावर मी पाव तासाने येते.' कारण सांगत बसू नका. कारण सांगितलं की त्यावर चर्चा होते. पंधरा मिनिटांत पाच पानं धरली आणि महिन्यातले वीस दिवस साधले, तर शंभर पानं होतात. पहिलं पुस्तक जाडजूड कादंबरी नको, कथासंग्रह घ्या; कथा दोन-तीन दिवसांत संपते आणि धागा तुटत नाही.

दुसरं, काहीतरी हातावेगळं करा. नवी गोष्ट शिरते तेव्हा जुनी एक बाहेर जावी लागते, नाहीतर नवीच आधी जाते. एखादं काम पुरतं दुसऱ्याकडे द्या, 'जरा मदत कर' असं नको. उदाहरणार्थ, पाण्याच्या बाटल्या आणि दप्तर भरणं आजपासून मुलांचं, रात्री दात घासण्याआधी. पहिल्या आठवड्यात बाटली विसरेल. शाळेत पाणी मिळतं. मागून धावत जाऊन बाटली दिलीत, तर ते काम परत तुमचं.

वडिलांबरोबर दुकान सांभाळतो. वाचून-ऐकून दहा तत्त्वं लिहून काउंटरमागे लावली आहेत : प्रामाणिकपणा, वेळेची किंमत, संयम वगैरे. गिऱ्हाईकं वाचून कौतुक करतात. माझ्याकडून एकही धड पाळलं जात नाही. (व्यापारी, इचलकरंजी)

दहाही काढून ठेवा. गिऱ्हाइकांसाठी लावली असतील तर राहू द्या.

'संयम' पाळायचा म्हणजे कधी, कुणाशी, काय करायचं? यातलं काहीच त्या पाटीवर नाही. तत्त्व वापरता यावं यासाठी त्यात तीन गोष्टी हव्यात : प्रसंग, कृती आणि अपवाद. तुमच्या दुकानातलंच घ्या. 'प्रामाणिकपणा'ऐवजी : 'उधारीचा माल वहीत रक्कम आणि तारीख लिहिल्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही. अपवाद नाही.' 'संयम'ऐवजी : 'दहा हजारांवरच्या कुठल्याही खरेदीला, वर्गणीला किंवा उसनवारीला त्याच दिवशी हो म्हणायचं नाही, उद्या सांगतो म्हणायचं. अपवाद : दवाखाना.' अपवाद आधीच लिहायचा, कारण ऐन वेळी सुचलेला अपवाद बहुतेक वेळा समोरच्याच्या सोयीचा असतो. शिवाय 'उद्या सांगतो' हे तुम्ही नेहमीच म्हणता हे आठवडाभरात बाजारात माहीत होतं आणि मग कुणी राग मानत नाही.

असे तीन नियम पुरे. तीनांची चढती भांजणीही लावा, म्हणजे दोन एकमेकांवर आदळले तर कुठला मागे घ्यायचा ते ठरलेलं असेल. वडिलांच्या शब्दाखातर वहीशिवाय माल द्यायची वेळ येणारच. त्यांच्याशी हे आजच बोला, गिऱ्हाइकासमोर नको.

बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियात छापखाना चालवायचा त्या काळात त्याने हाच उद्योग केला होता. तेरा गुण, प्रत्येकाला एक आठवडा, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. वहीत सात दिवसांचे सात रकाने आणि चुकलं तिथे काळा ठिपका. त्याला सगळ्यांत जड गेला तो 'व्यवस्था' हा गुण : प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक कामाला वेळ. त्याने कारणही नोंदवलं आहे : पगारी कारागिराला हे जमेल, मालकाला अवघड, कारण मालकाला लोकांना त्यांच्या वेळेला भेटावं लागतं. दुकानदाराने हे ध्यानात ठेवावं. तुमचा दिवस गिऱ्हाइकाच्या हातात आहे, म्हणून 'अकरा ते बारा हिशेब' असले नियम करू नका. शटर अर्धं ओढल्यानंतरची वीस मिनिटं तेवढी तुमची. त्याच्यासारखे ठिपके मात्र ठेवा, तीन ओळी आणि दुकानाच्या दिवसांइतके रकाने. महिनाभरात एकाच नियमासमोर ठिपक्यांची रांग लागली, तर स्वतःला बोल लावण्याआधी नियम तपासा. रक्कम चुकीची असेल, प्रसंग नीट लिहिलेला नसेल.

वीस वर्षं तंबाखू-चुना मळतो. सोडतो, तीन-चार दिवस काढतो, मग पुन्हा पुडी. (ट्रकचालक, लातूर)

नेमके तेच दिवस सगळ्यांत कठीण असतात. निकोटिन थांबलं की चिडचिड, डोकं जड होणं, झोप बिघडणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, मग आठवड्या-आठवड्याने उतरतं. तुम्ही चढ चढून माथ्यावरून परत फिरता. म्हणून पहिले पाच दिवस लांबची फेरी नसेल असे निवडा.

इथे दोन वेगळी कामं आहेत. एक शरीराचं : निकोटिनचं च्युइंगगम डॉक्टरांना किंवा दंतवैद्याला विचारून घ्या, हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. ते सतत चघळायचं नसतं. तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चार चावे, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर औषध तोंडातून नीट शोषलं जात नाही. 'गमचा गुण येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण चहाबरोबर चघळत असतात.

दुसरं हाताचं. पुडी शर्टाच्या खिशात, चुन्याची डबी त्याच खिशात, तळहातावर अंगठ्याने मळणं, थाप मारणं : एवढं सगळं विचार न करता होतं. चार ठिकाणी ते हमखास होत असणार : टोलनाक्याची रांग, माल भरताना वाट बघणं, जेवणानंतर, दुसऱ्या चालकाने हात पुढे केला तेव्हा. त्या खिशात आता बडीशेप आणि भाजलेल्या ओव्याची डबी ठेवा, तळहातावर घ्या, चोळा आणि खा. हाताला काम मिळतं. तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते. तेवढा वेळ पाणी प्या, खाली उतरून टायर बघा. सोबतच्यांना 'सोडली' म्हणू नका, ते आग्रह करतात. 'दाताचं काम चालू आहे' म्हणा, कुणी पुढे विचारत नाही. सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ आहे, समुपदेशक पुढचे दिवसही पाठपुरावा करतात.

आई ७२ वर्षांची आहे. थायरॉइड आणि रक्तदाबाच्या गोळ्या कधी विसरते, कधी दोनदा घेते. (वाचक, ठाणे)

दोन्ही गोळ्या एकाच खुंटीवर टांगू नका. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते; म्हणून तिची जागा टूथब्रशच्या पेल्याशेजारी, पाण्याच्या छोट्या बाटलीसह. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तासांनी. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, बहुधा नाश्त्याच्या ताटलीबरोबर.

दोनदा घेणं थांबवायला सात कप्प्यांची डबी लागते. आज मंगळवार आणि मंगळवारचा कप्पा रिकामा, म्हणजे घेतली. आठवायचा प्रश्नच नाही. डबी दर रविवारी तुम्ही भरा, आईसमोर, मूळ पाकिटं दुसरीकडे ठेवून. कप्पा भरलेला सापडला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या द्यायच्या नाहीत. आठवड्यात दोनदा असं झालं, तर डॉक्टरांना फोन करून त्या दिवसांच्या तारखा सांगा.